ऐनाचा करदोडा

४ नोव्हेंबर २००१, कोसंबटोला

अखेर पोहोचले, आणि मन इतके प्रसन्न आहे की प्रवासाच्या शिणाची तक्रार करावीशीही वाटत नाही. चंद्रपूरला गाडी पहाटे लागली. संस्थेची जीप चालवणारा, सावली गावचा जाफर फलाटावरच उभा होता, ‘डॉ. नाहीद परकार’ ही पाटी त्याने उलटी धरली होती. पोंभुर्णा मागे पडल्यावर डांबर संपले आणि धानाच्या बांध्या लागल्या. कापणी चालू आहे. बांध्यांच्या पलीकडे साग, ऐन, धावडा, तेंदू, आणि मधून मधून बांबूची बेटे. वाघ दिसतो का, असे मी विचारले, तर जाफर म्हणाला, इथी वाघ दिसत नाई मॅडम, वाघालेच तुमी दिसता. हे वाक्य तो प्रत्येक नव्या माणसाला ऐकवत असावा असा माझा संशय आहे. तरीही हसू आले.

केंद्र म्हणजे कौलारू दोन खोल्या, पुढे जाळीच्या दाराची पडवी, पडवीत पाण्याचे दोन रांजण. माझ्या आधीचे संशोधक कंटाळून निघून गेले. त्यांची मोजमापे मी गाडीतच चाळली. एकच साग एका वर्षी जाड झालेला, पुढच्या वर्षी बारीक, आणि त्याच्या पुढच्या वर्षी साग नव्हेच, बिबला. अशा कामाला विज्ञान म्हणणे हा त्या शब्दाचा अपमान आहे. मला तीन वर्षे मिळाली आहेत. या कोरड्या पानझडी जंगलातले झाड कोणत्या महिन्यात किती वाढते, याचे पहिले निर्दोष उत्तर याच पडवीतून जाईल. तशी खात्री नसती तर डेहराडूनची नोकरी मी सोडली नसती.

८ नोव्हेंबर

माझा मदतनीस वारलू गावातलाच शेतकरी आहे. झाडांची नावे त्याला येतात, पण शिस्त नाही. मोजपट्टी तिरपी धरतो, काम करताना सतत बोलतो, आणि चुकला की ‘बरोबर हाय ना जी’ असे आधीच म्हणून घेतो. त्याची बायको कमळा केंद्रावर स्वयंपाक करते. ती जवळजवळ बोलतच नाही. भात उतरवतानाही तिचे लक्ष दाराबाहेर असते. त्यांची एकुलती मुलगी करिष्मा दोन वर्षांपूर्वी वैनगंगेच्या पुरात वाहून गेली आणि सापडली नाही, असे जाफरने मला जंगलातून परतताना सांगितले. त्यानंतर कमळाच्या भाताला नावे ठेवणे मी बंद केले.

१५ नोव्हेंबर

दिवाळीची एक सुट्टी दिली; मागितल्या दोन होत्या. आजपासून पट्ट्या बांधण्याचे काम सुरू झाले. खोडाभोवती छातीच्या उंचीवर पोलादी पट्टी गुंडाळायची आणि तिची टोके बारीक स्प्रिंगने जोडायची. झाड फुगले की स्प्रिंग ताणली जाते, आक्रसले की सैल पडते. केसाएवढा फरकही वाचता येतो. पहिली पट्टी पाहून मजूर हसू लागले. वारलू म्हणाला, मॅडमनं तं झाडाले करदोडाच बांधला! लहान मुलांच्या कमरेला बांधतात आणि पुरुष मरेपर्यंत वागवतात तो काळा दोरा. उपमा अचूक आहे, हे मी मान्य केले. मग त्याला सांगितले की हसून झाले असेल तर पट्टी सरळ धर.

२१ नोव्हेंबर

आज संताप आवरला नाही. नाल्याकाठच्या तुकड्यातली सगळी झाडे झाली असे वारलूने सांगितले. मी स्वतः फिरून पाहिले, तर अगदी काठावरचा एक तरुण धावडा तसाच सोडलेला. सरळ, फिकट सालीचा, डोळ्यांत भरणारा; तो दिसला नाही असे कोण म्हणेल? सोयीची झाडे मोजायची आणि गैरसोयीची गाळायची, म्हणजे पुन्हा माझ्या पूर्वसूरींचाच कित्ता. सर्वांसमक्ष मी वारलूला कामचुकार म्हटले. तो काही सांगू लागला. मी बोलू दिले नाही. पट्टी माझ्याच हाताने बांधली. स्प्रिंग अडकवताना मजूर पाठ फिरवून उभे राहिले. वारलू एवढेच म्हणाला की याले राहू द्या मॅडम. मी राहू दिले नाही.

जाफरचे रोजे चालू आहेत, माझे नाहीत. येताना त्याने विचारले, मॅडम, तुमचे रोजे झाडंच ठेवून राह्यले का?

४ डिसेंबर

कमळा गाते! धान कांडतानाचे कसलेसे गाणे, अर्धे गोंडीतले. शब्द कळत नाहीत, पण आवाज कोवळा आहे. चेहरा उजळला आहे. आज तिने विचारले की दुपारी रांजणावरचे झाकण काढून ठेवले तर चालेल का. डास अंडी घालतील म्हणून मी नकार दिला आणि तिला निराळा माठ घेऊ दिला. कशासाठी, असे विचारले, तर लाजल्यासारखी हसली. म्हणाली, पोरगी येते जी पानी प्याले.

दुःखाने माणसाचे असे होते, हे मी पुस्तकांत वाचले आहे. निदान ती जेवते आहे, गाते आहे.

१७ डिसेंबर

ईद. जाफरने सावलीहून शीरखुर्म्याचा डबा आणला. त्याच्या बायकोने, जरीनाने, बदाम सढळ हाताने घातले होते. त्याच्याबरोबर पोंभुर्ण्याला जाऊन हर्णैला घरी फोन लावला. अम्मीने मुबारकबाद दिली आणि लगेच रडू लागली. ईदच्या दिवशी सगळे कबरस्तानात जातात. ती घरी बसते, कारण आरिफची कबर नाही. माझा धाकटा भाऊ. ज्या मच्छीमार होडीवर तो गेला, तिची एक फळी सापडली. माणसे सापडली नाहीत. जनाजा नसता नमाज पढावी की नाही यावर वडीलधारे दुपारभर वाद घालत बसले होते. त्याला सहा वर्षे होतील.

हे रोजनिशीत लिहिण्याचे काही कारण नव्हते.

२० जानेवारी २००२

एक विलक्षण गोष्ट. पाणी आटू लागले की झाडे किंचित आक्रसतात. सगळ्या पट्ट्या तेच दाखवत आहेत. फक्त नाल्याकाठचा तो धावडा वाढतो आहे. पाने गळून गेलेला, उघडा धावडा, भर कोरड्या महिन्यात! वारलूने चुकीचे वाचले असे समजून मी त्याला खडसावले आणि स्वतः जाऊन मोजले. त्याचे वाचन बरोबर होते. नाल्याची ओल म्हणावी, तर शेजारचे दोन्ही धावडे आक्रसले आहेत.

जे कुणी कधी नोंदवले नाही ते माझ्या हातात आहे. उन्हाळाभर हे टिकले तर याचा शोधनिबंध होईल, आणि ज्यांनी मला ‘मोजपट्टीवाली बाई’ म्हणून हिणवले त्यांना तो वाचावा लागेल. वाढीचा वेग पाहता ही स्प्रिंग पुरणार नाही. नागपूरहून लांब पट्ट्या मागवल्या आहेत.

२३ जानेवारी

आज वारलू जाफरला साक्षीला घेऊन पडवीत आला. एकट्याने बोलायचे धाडस नसावे. त्याचे म्हणणे मी शांतपणे ऐकून घेतले.

या गावात माणूस मेले की त्याचा करदोडा तोडतात. मग ते सुटते. ज्याचे प्रेत सापडत नाही, त्याचा करदोडा कसा तोडायचा? म्हणून घरचे लोक जंगलातले एक झाड त्याला देतात. त्याच्या नावाने झाडाला काळा दोरा बांधतात आणि लगेच तोडतात. त्या झाडाला पुन्हा काही बांधायचे नाही. बांधले तर गेलेला परत बांधला जातो, आणि त्याला तहान लागते. नाल्याकाठचा धावडा करिष्माचा आहे. वारलूने तो मुद्दाम सोडला होता. तवाच सांगनार होतो, तो म्हणाला, पन तुमी चार लोकांत कामचुकार म्हटल्यावर तोंडच बंद झालं.

तुझ्या हाताने काढून टाकायची होतीस, असे मी म्हणाले. मनात उपरोध होता. त्याने कानाला हात लावला. ज्याने बांधला त्याच्याच हाताने तुटावा लागतो. दुसऱ्याने तोडला तर गेलेले माणूस वाटेतच अडकते, ना इकडे ना तिकडे.

त्याच्या भावनांचा आदर असल्याचे मी सांगितले, आणि पावसाळ्यापर्यंत पट्टी निघणार नाही हेही सांगितले. एका धावड्यावर माझे सारे काम उभे आहे. जाफर जाताना म्हणाला, मॅडम, आपल्यात हे मानत नाई, पन त्याले मानू द्या ना. मी म्हणाले, मानू दे की. मी कुठे अडवले?

१४ फेब्रुवारी

कमळा वाळत चालली आहे. बांगड्या मनगटावरून कोपरापर्यंत घसरतात. ओठांना भेगा. पोंभुर्ण्याच्या डॉक्टरांनी तपासले. रोग कुठलाच नाही, अंगात पाणी नाही म्हणाले, आणि सलाईन लावले. संध्याकाळी ती पुन्हा तशीच.

मी तिला समोर बसवून विचारले. करिष्मा रोज दुपारी येते. पाठमोरी बसते, माठातले पाणी पिते, जाते. वारलूला दिसत नाही. एकदाही वळून पाहिले नाही. सुरुवातीला कमळा ‘मी आई’ म्हणाली की मान हलवायची, आता तीही नाही. मले वळखत नाई जी, कमळा म्हणाली, निस्ती पेते. मग पट्टी काढू का, असे मी विचारले, कारण त्या क्षणी मला खरोखर काढावीशी वाटली. कमळाने माझे दोन्ही हात धरले. तिचे हात कागदासारखे हलके आणि कोरडे होते. नका काढू, म्हणाली. पाठ तं दिसते ना तिची. केसाची येनी मीच घातली होती, सुटली नाई आजून.

मी काढली नाही. तिची इच्छा नव्हती, हे कारण मला पुरेसे वाटले.

२ मार्च

मोह फुलले आहेत. सारे रान गोडसर वासाने जड झाले आहे. धावडा वाढतोच आहे. आज लांब पट्टी बांधली. आधी नवी अडकवली, मगच जुनी सोडली, म्हणजे वाचनात खंड पडू नये. वारलू शेजारी उभा होता. त्याने हात लावला नाही. नंतर म्हणाला, तुमचं कोनी गेलं नसन मॅडम, म्हनून तुमाले समजत नाई.

मी त्याला काही सुनावले नाही. त्याचे मला स्वतःलाच नवल वाटते.

१० मार्च

भ्रमाचा प्रतिवाद उपदेशाने होत नाही, प्रयोगाने होतो. केंद्रामागच्या उतारावर एक मोठा ऐन आहे, मोजणीच्या तुकड्याबाहेरचा. आज एकटीने तिथे गेले. काळा दोरा बांधला, आरिफचे नाव घेतले, दोरा तोडला. नंतर पोलादी पट्टी बांधली. काहीही घडणार नाही, आणि तेच मला वारलूला दाखवायचे आहे.

दोरा तोडताना मी दरूदची प्रार्थना म्हटली. प्रयोगात तिची गरज नव्हती. पण त्याच्यासाठी असे कुठे उभे राहायला मला आजवर जागाच मिळाली नव्हती.

१९ मार्च

दुपारी पडवीत रांजणाचे झाकण वाजले. तोंड फिरवले, तर

मी नीट लिहिते. पाठ होती. निळ्या चौकड्यांचा शर्ट, जो मी डेहराडूनहून पाठवला होता. शिवण उजव्या खांद्यावर उसवलेली. केस ओले, मानेवर चिकटलेले. तो वाकून ओंजळीने पाणी प्यायला, पुष्कळ वेळ. मी उठले नाही. उठले तर जाईल असे वाटले. मग रांजणापाशी कुणी नव्हते.

उष्माघाताचा विचार केला. ताप मोजला, नव्हता. पडवीत मासळीच्या धक्क्याचा वास आहे. समुद्र इथून शेकडो कोस दूर आहे.

२० मार्च

आला.

आज मी रांजण काठोकाठ भरून ठेवला होता.

२९ मार्च

काल होळी होती. गाव नाचत होते, मी दुपारची वाट पाहत होते. मी त्याच्याशी बोलते. अम्मीच्या गुडघ्यांविषयी, त्याच्या मित्रांपैकी कोणाचे लग्न झाले त्याविषयी. तो पीत राहतो. इतके सुख मला सहा वर्षांत झाले नाही. ऐनाची पट्टी ताणली आहे. त्याची नोंद मी केलेली नाही. ते झाड अभ्यासात नाही.

वारलू आला होता. कमळा अंथरुणावरून उठत नाही. तो पाया पडू लागला. मी त्याला उठवले आणि दोन दिवस मागितले. कशासाठी मागितले? एक पट्टी तोडणे म्हणजे हे सगळे खरे असल्याची कबुली. आणि ते खरे असेल, तर मलाही—

२ एप्रिल

दोन दिवस मागितले होते. आज चौथा.

७ एप्रिल

जाफरने मला हाताला धरून जीपमध्ये बसवले. एवढा संतापलेला मी त्याला पाहिला नव्हता. म्हणाला, मॅडम, तिकडं बाई मरून राह्यली आन तुमी इथी माठ भरून राह्यल्या!

कमळाला घोट गिळवत नव्हता. डोळे आत गेलेले, जीभ चामड्यासारखी. घरातले प्रत्येक भांडे रिकामे, पालथे नव्हे, नुसते रिकामे. मी तशीच नाल्यावर गेले. वारलू मागे होता. पत्रा कापायच्या कात्रीने धावड्याची पट्टी तोडली. ती तुटताना तारेसारखी झणाणली आणि माझ्या हातून निसटून नाल्यात पडली. धावड्याच्या सालीवर खोल वळ उमटला होता, पोराच्या कमरेवर उमटतो तसा. वारलू खोडाला मिठी मारून रडला. जाय वो बाई, म्हणत होता, जाय आता तू.

परत आलो तोवर कमळा पाणी पीत होती.

१५ एप्रिल

कमळा वाचली. चालते, फिरते. आज केंद्रावर आली, स्वयंपाकाला नव्हे. दारात उभी राहून म्हणाली, पुरानं नेली तवा म्या कोनाले दोष नाई देला. आता तुमाले देते. दुसऱ्यांदा तुमी नेली.

मी मान खाली घातली. तिचे लक्ष माझ्या मनगटाकडे गेले. घड्याळ कोपराकडे घसरले होते. तिने ओळखले. पाहता पाहता तिच्या डोळ्यांतला राग गेला; जे आले ते पाहवेना. तुमचाबी कोनी येऊन राह्यला, म्हणाली. मी हो म्हटले. तुमाले वळखते? मी पुन्हा हो म्हटले.

खोटे बोलले. तो कधीच वळला नाही.

तोडून टाका मॅडम, ती जाता जाता म्हणाली. तुमाले कोनी हाताले धरून नेनार नाई. मग पुन्हा मागे येऊन म्हणाली— म्या तं नसता तोडला.

२६ एप्रिल

नोंदी थांबल्या आहेत. वारलू एकटा जाऊन मोजतो, अंक आणून देतो. मी पाहत नाही.

मीही वाळते आहे. पाणी कितीही प्यायले तरी जीभ टाळूला चिकटते. तर्क स्पष्ट आहे. मी तो कमळाला दोन महिन्यांपूर्वीच समजावून सांगू शकले असते.

तो आता जास्त वेळ थांबतो.

३ मे

नाव घेऊन हाक मारली. मान हलली नाही.

अम्मी त्याला ज्या नावाने बोलवायची त्या नावाने मारली. नाही.

८ मे

कात्री घेऊन ऐनापर्यंत गेले. सगळे रान वाळून करकरते आहे, आणि एकटा ऐन ओला. ऐन खोडात पाणी साठवतो, हे मी विद्यार्थ्यांना शिकवले आहे. पट्टीखालून थेंब निघत होते. बोटाने टिपून जिभेवर ठेवला.

खारट. हर्णैच्या धक्क्यावरचे पाणी. लहानपणी पोहताना दोघांच्याही नाकातोंडात जायचे, ते.

कात्री पट्टीखाली सरकवली होती. दाबायची एवढेच उरले होते. त्याला कबर नाही. ही पट्टी तोडली की पाठही नाही—

परत आले.

११ मे

जाफर आला. चंद्रपूरच्या इस्पितळात चला म्हणतो. सामानही भरू लागला. उद्या येते म्हणून त्याला पाठवले. गेला नाही, फाटकापाशी जीपमध्ये बसून होता. मग ओरडून म्हणाला, उद्या म्हंजे उद्या, उचलून नेईन मॅडम, मग संस्थेले सांगा का करायचं ते.

भला माणूस आहे. मी त्याला कधी तसे म्हटले नाही.

कमळाने घागर पाठवली. दारात ठेवून वारलू निघून गेला. घागर दुपारपर्यंतही—

१२ मे, सकाळ

कात्री घेतली आहे. निघते. उतार एवढासा, पण पाय—

दुपार

पोहोचले नाही. अर्ध्या उतारावर बसले, रांगत परत आले. रांजण कोरडे. घागर कोरडी. कात्री कुठेतरी वाटेत—

मुद्दाम नाही टाकली. टाकली असेन.

दाराला आतून कडी घातली. जाफर येईल—

आला आहे. आरिफने रांजणात वाकून पाहिले. काही नाही. तसाच वाकून उभा. उसवलेली शिवण. किती वेळ—

आरिफ, पाणी संपले रे. आणते म्हटले. उठवत नाही.

वळतो आहे.

वळला.

तोच आहे. चेहरा तोच, फक्त ओठ फुटलेले, मीठ बसलेले पापण्यांवर— सहा वर्षांची तहान— मी कोण ते त्याला ठाऊक नाही. विचारणार नाही मी.

बाहेर जीप वाजते आहे. जाफर हाका मारतो आहे. कडी—

नको. आता नको.

रांजणाकडे पाहत नाही. माझ्याकडे—

ये. इकडे बस. हा हात घे— थंड आहे तोंड तुझे— पी बाळा. सावकाश पी. घाई नको करूस, ठसका लागे—